एक्केचाळीस नंबरचं स्वप्न

दिनकर,

तुझ्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून माणसं चार पावलं मागे सरतायत तोच बाभळीवरून उतरला आणि चोच घातली. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कुणीतरी म्हणालं, "काय राह्यलं न्हाई बगा पोराचं. मोकळा गेला." मी सगळ्यांच्या मागे उभा होतो आणि मला संशय आला. दोन वर्षं रानात दाणा नाही. अशा कावळ्याला तुझी इच्छा कशी कळणार? तो कुणाच्याही पिंडाला शिवला असता. हे मी मनातल्या मनात तुला सांगितलं, आणि मग एकदम तुझा राग आला. तुझं काहीच राहिलं नव्हतं? माझ्याबद्दलसुद्धा? महिनाभर आपण एक शब्द बोललो नव्हतो. भांडण अर्धं टाकून तू असा मोकळा निघून गेलास, हे मी का मान्य करू?

दहावा नदीत केला, पण नदी म्हणजे नुसती वाळू. टँकरच्या पाण्याची एक घागर कुणीतरी डोक्यावरून आणली होती, त्यातलंच ओंजळ-ओंजळ सगळे वापरत होते. गुरुजी म्हणाले, "हीच गंगा समजा." तुला हे फार आवडलं असतं. तू वही काढली असतीस.

तू मला 'नाकेदार' म्हणायचास. माझे वडील जकात नाक्यावर कारकून. पुण्याकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, पोत्यात सळई खुपसायची, टोपलीवरचं फडकं उचलायचं, आणि आत फक्त मेथी निघाली तरी मान हलवायची, की यात अजून काहीतरी असणार. घरी आल्यावरही त्यांचा हात राहत नाही. आईने ताट वाढलं की आधी भाकरी उचलून खाली बघतात. मी त्यांचाच मुलगा. पहिल्या वर्षी तू वर्गात शेजारी येऊन बसलास आणि डब्यातली कारळ्याची चटणी माझ्यापुढे सरकवलीस, तेव्हा मी विचारलं होतं, "का?"

"आरं खा की," तू म्हणालास. "चटनी खायाला कारन लागतं व्हय?"

मी खाल्ली. चांगली होती. तरी आठवडाभर मी वाट बघत होतो, की हा आता काय मागतो. तू काही मागितलं नाहीस, आणि म्हणून माझा संशय आणखी वाढला.

शेवटच्या वर्षी मानसशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला संशोधनाचा एक विषय निवडायला सांगितला. मी स्मरणशक्ती घेतली. शाळेतल्या मुलांना वीस शब्द वाचून दाखवायचे, अर्ध्या तासाने किती आठवतात ते मोजायचं. स्वच्छ काम, बरोबर की चूक एवढंच. तू उभा राहिलास आणि म्हणालास, "सर, मला सपनं गोळा करायचीत." वर्ग हसला. सरांनी विचारलं, कुणाची? "आमच्या गावाकडची, सर. दुष्काळी कामावरच्या मानसांची. दिसभर खडी फोडून निजल्यावर त्यांना काय दिसतं, ते बगायचंय." सर हसले नाहीत. म्हणाले, "गोळा कर. होतील तितकी. पण एक लक्षात ठेव, स्वप्नं त्यांची असली पाहिजेत. तुझी नकोत." सरांचं ते वाक्य मी तिथल्या तिथे मनात ठेवून दिलं होतं, हे तुला आज सांगतो.

रविवारी मी तुझ्याबरोबर यायचो. सायकल एस.टी.च्या टपावर टाकून सुप्यापर्यंत, तिथून पारनेरच्या बाजूला तुझ्या गावाच्या पाझर तलावापर्यंत. पॅडल मी मारायचो, तू कॅरियरवर. चढ आला की उतरायचं नावही काढायचा नाहीस, वर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचास, "हाण, नाकेदार, हाण." गावच्या लोकांना पहिल्या दिवशी माझाच संशय आला. पँट घातलेला माणूस, हातात वही. त्यांना वाटलं मी नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं न्यायला आलोय. एक जण तर मातीची पाटी तिथेच टाकून पळाला. तू ओरडून सांगितलंस, "आरं, आपलाच हाय!" तेव्हा तो परत आला, पण शेवटपर्यंत माझ्यापासून दहा हात लांबच बसला. मला तो माणूस एकदम पटला.

दुपारच्या सुट्टीत लोक लिंबाखाली बसून कामावर मिळणारी सरकारी सुकडी खायचे. तू त्यांच्यात जाऊन बसायचास आणि काही विचारायचा नाहीस. नुसता बसायचास. थोड्या वेळाने कुणीतरी सरकून जवळ यायचं, खालच्या आवाजात काहीतरी बोलायचं, आणि उठून मागे न बघता कामाला लागायचं. तू लिहून घ्यायचास. नाव नाही, फक्त नंबर. मग वय, काम, स्वप्न त्यांच्याच शब्दांत, आणि शेवटी शेरा. कुठला नंबर कुणाचा, ती यादी फक्त तुझ्या वहीच्या मागच्या पानावर.

काय स्वप्नं होती, दिन्या! एका म्हातारीला दिसलं, की ती जात्यात मूठ-मूठ ज्वारी घालतेय आणि खाली पिठाऐवजी वाळू पडतेय. तिने ती चाळली, मळली, थापली, नातवंडांना वाढली. तिला भीती वाळूची वाटली नाही. नातवंडांनी ती खाल्ली आणि त्यांना फरक कळला नाही, याची वाटली. एका माणसाने बाजारात विकलेला बैल स्वप्नात घरी आला, दावणीकडे न जाता सरळ आत येऊन त्याच्या अंथरुणावर निजला, आणि हा दावणीपाशी जाऊन उभा राहिला. एका नव्या सुनेच्या माहेरची वाट विहिरीत उतरत होती. ती पायऱ्या उतरतेय, उतरतेय, आणि पाणी काही लागत नाही.

मी तुझ्या खोलीवर बसून ही वाचायचो आणि मला आतून कसंतरी व्हायचं. तेव्हा मी त्याला शास्त्रीय शंका म्हणत होतो. आता म्हणवत नाही. माझ्या वहीत 'आठवलेले शब्द: अकरा' असं होतं, आणि तुझ्या वहीत तो बैल. हेवा होता रे. पण हेव्याला शंकेचे कपडे घातले की तो फार हुशार दिसतो, आणि मला हुशार दिसायची हौस.

मी म्हणायचो, "ही माणसं असं बोलतात? आमच्या शेजारचे रोज स्वप्नं सांगतात. परीक्षेत नापास झालो, दात पडला, साप आला. संपलं."

"साप बी हाय की. सतरा नंबर."

"तो साप पायताण घालून आलाय, दिन्या!"

"मग म्या काय करू? आला तसा लिवला."

आणि मग मला ते सापडलं. वही पूर्ण वाचून काढली आणि तुझ्यापुढे आपटली. "त्र्याण्णव स्वप्नं झाली. एकात पाऊस नाही."

"न्हाई."

"दुष्काळातल्या माणसाला पावसाचं स्वप्न पडत नाही? त्र्याण्णवात एकालाही नाही?"

"पडत आसंल."

"मग वहीत का नाही?"

"सांगत न्हाईत."

"का सांगत नाहीत?"

तू माझ्याकडे असं बघितलंस, जसं मी विचारलंय, माणसं जेवताना तोंड का उघडतात. "आरं, ते सांगायचं नसतंय," तू म्हणालास आणि ठेचा वाटायला लागलास. एवढंच. तुझा तो दगडी ठेचा आणि ते अर्धं उत्तर. मला खात्री पटली की फडक्याखाली काहीतरी आहे.

त्र्याण्णवातलं एक माझं होतं. एक्केचाळीस नंबर. ते मी कालपर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं, तुझ्याशिवाय. आणि तुलाही सांगितलं नाही असंच मी सगळ्यांना सांगत आलो.

फेब्रुवारीतली दुपार. तुझ्या आईने पाठवलेली भाकरी खाऊन आपण दोघं तुझ्या खोलीत आडवे झालो होतो. मी दचकून उठलो. घामाने मान ओली. तू म्हणालास, "थांब, हलू नको," आणि वही ओढलीस. अर्धवट झोपेत मी बोलत गेलो. मी सायकल चालवतोय, तू मागे कॅरियरवर. पाठीवर तुझा हात. पुणे रस्त्याचा नाका येतो, बाबा आडवा बांबू खाली करतात आणि विचारतात, "मागे काय आहे?" मी म्हणतो, "काही नाही." बाबा कॅरियरवरून हात फिरवतात, आणि खरंच काही नसतं. तू नसतोस. बांबू वर जातो. आणि मी थांबत नाही, दिनकर. मागे वळूनही बघत नाही. पॅडल मारत पुढे जातो, आणि मला हलकं वाटतं.

तू सगळं लिहून घेतलंस. 'हलकं वाटतं' हेसुद्धा. मी तोंड धुवून आलो तोवर मला शरम वाटायला लागली होती. म्हणून म्हणालो, "चेष्टा केली. बनवून सांगितलं. तू काहीही लिहून घेतोस का, ते बघत होतो."

"बरं," तू म्हणालास. वही मिटलीस. खोडलं मात्र नाहीस.

मार्चमध्ये एका मंगळवारी मी तुझ्या मागच्या पानावरची यादी तुला न विचारता उतरवली आणि एकटाच तुझ्या गावी गेलो. तुला कळू नये म्हणून सायकलही नेली नाही, सुप्यापासून पायी गेलो. मी हजर नसताना तू लिहिलेली तीन स्वप्नं निवडली होती. आधी भागाआजी, तुझ्या शेजारची, जात्याचं स्वप्न तिचं. "मला?" ती म्हणाली. "न्हाई बा. मला कसलं सपान?" बैलवाला म्हणाला, "आमाला सपनं पडायला झोप तर लागाय पायजे." ती नवी सून काहीच बोलली नाही, पाटी उचलून चालू लागली. तीनपैकी तीन. येताना रस्ताभर मला आनंद झाला होता. ऊन मी म्हणत होतं आणि मी शीळ घालत चाललो होतो. हेही लिहितो.

मी सरांना सांगितलं. सरांनी तुला बोलावलं, मलाही. तुझी वही टेबलावर. सरांनी शांतपणे विचारलं, "दिनकर, ही स्वप्नं कुणी सांगितली?"

"लोकांनी, सर."

"लोक नाही म्हणतात."

तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू फक्त विचारलंस, "इचारायला गेल्तास व्हय?" आणि मग हळूच, जवळजवळ माझी काळजी वाटल्यासारखं, "एकदा सांगितल्यावर इचारायचं नसतंय रं." सरांनी पानं उलटली. "एक्केचाळीस. पुरुष, वीस, विद्यार्थी, नगर. हा कोण?" तू नाव घेतलं नाहीस. सरांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी, दिनकर, सरांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणालो, "मी असं काही सांगितलेलं नाही, सर."

टेबलावरचा पंखा फिरत होता.

"मग ते माझं धरा, सर," तू म्हणालास.

मला वाटलं, कबुली दिली. मी जिंकलो. सरांनी वही तुझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, हा निबंध मी पुण्याला विद्यापीठाकडे पाठवू शकत नाही. तू वही पिशवीत घातलीस. परीक्षेला आलास, मागच्या बाकावर बसलास, शेवटचा पेपर देऊन थेट गावी गेलास. खोलीवर मी गेलो तेव्हा पाट्याच्या दगडावर ठेच्याचा वाळलेला हिरवा डाग तेवढा होता.

पहिलं कार्ड आलं तुझ्या वडिलांचं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. दिनकरला कावीळ झाली आहे, आठवण काढतो. मला तेही निमित्त वाटलं. वाटलं, बोलावून घ्यायचंय याला, मीच आधी पुढे यावं असं वाटतंय. बुधवारी जाऊ म्हटलं. बुधवारी गेलो नाही. दुसरं कार्ड आलं त्याच्यावर 'श्री' नव्हता, मरणाच्या कार्डावर नसतो तसा. मी ते उलटं करून पाहिलं, टपालाचा शिक्का पाहिला, अक्षर पहिल्या कार्डाशी ताडून पाहिलं. सगळं खरं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, एकदा तरी माझा संशय खरा निघावा.

दहावा झाल्यावर मी वाळूतच एका दगडावर बसलो होतो. भागाआजी शेजारी येऊन बसली.

"तू त्योच न्हवं, मला जात्याचं इचारायला आल्याला?"

"हो. तुम्ही नाही म्हणालात."

"मग काय म्हनू? द्येऊन टाकल्यालं माघारी घ्यू व्हय?"

मला कळलं नाही. तिने मला जरा निरखून बघितलं, मी कुणाचा माणूस आहे हे अजून ठरत नसल्यासारखं. मग हाताने कोरडं पात्र दाखवलं. "वंगाळ सपान पडलं की सकाळच्या पारी हितं यायाचं. वाहत्या पान्याला सांगायचं आन मागं न बगता घरला जायाचं. मग ते आपलं न्हाई. पुन्ना कुनी इचारलं तर व्हय म्हनायचं न्हाई. म्हनलं की आलंच माघारी. आता दोन वरसं झाली, नदीला पानी न्हाई. सांगायचं कुनाला? घरात कुनाला सांगावं तर त्याच्या मानगुटीवर बसतंय. मग दिनकर आला वही घिऊन. त्यो नगरला जानारा-येनारा, वाहता मानूस. आमी त्याला सांगाय लागलो."

मग विचारलं, "आणि पावसाचं? पावसाचं स्वप्न कुणालाच पडलं नाही?"

तिने झटकन पदर तोंडाला लावला. "चांगलं सपान कुनी सांगतं व्हय? सांगितलं की ग्येलं ते." आणि मग डोळे बारीक करून मला विचारलं, "तुला कशाला पायजेल?"

म्हणजे तलावावरची ती सगळी माणसं पाऊस तोंडात धरून खडी फोडत होती. कुणी ओठ उघडायला तयार नव्हतं, सांडेल म्हणून. आणि वहीत पाऊस नाही म्हणून मी तुला खोटं ठरवलं. इतकी वाईट स्वप्नं एकट्या तुला का सांगतात, त्यात पाऊस का नाही, विचारल्यावर नाही का म्हणतात. माझ्या तिन्ही पुराव्यांना एकच उत्तर होतं आणि ते तुझ्या गावातल्या कुठल्याही बाईला माहीत होतं.

तुलाही माहीत होतं! इथे मी तुझ्याशी भांडणार आहे, आणि तू मेलास म्हणून सोडणार नाही. हे तू निबंधाच्या पहिल्या पानावर का लिहिलं नाहीस? बाहेरच्या कुणीही हेच आधी लिहिलं असतं. एक परिच्छेद, दिन्या! सर उभे राहून वाचत बसले असते. पण तू त्यातच वाढलास, तुला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. मी विचारलं तेव्हा 'सांगायचं नसतंय' म्हणून ठेचा वाटत बसलास. शास्त्र असं करतात? उत्तर दे.

"त्यानं कबूल केल्तं," भागाआजी म्हणत होती, "परवरा नदीला न्हेऊन समदी सोडीन म्हनून. भंडारदऱ्याच्या खाली पानी ऱ्हातंय म्हनं. त्याच्या आदीच ग्येला. यवढी समदी अंगावर घिऊन बसला."

मला राग आला. "कावीळ पाण्याने होते, आजी. खराब पाण्याने."

"व्हय," ती म्हणाली. "नदी असती तर कशाला ते पानी पिला असता?"

निघताना तुझ्या आईने हाक मारली. फडक्यात बांधलेली वही तिच्या हातात होती. "कालिजातला नाकेदार कोन हाय?"

"मी."

"तुला द्यायची म्हनला. तपासून घ्यायची ऱ्हायलीय म्हनला." तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिने मला बसवलं, गूळ-पाणी दिलं, त्या पाण्याच्या टंचाईत भांडं भरून. मी ते प्यायलो. तुझी माफी मागायची तर तिथेच, तिच्यापुढे मागायला हवी होती. मी भांडं खाली ठेवलं आणि निघालो.

सुप्याला एस.टी.ची वाट बघत वही उघडली. खरं सांगतो, मी तक्रार शोधत होतो. माझ्याविरुद्ध एखादी ओळ, एखादी शिवी. पान अन् पान चाळलं. नाही. मग शेऱ्याच्या रकान्यात नवी शाई दिसली. जात्याच्या स्वप्नापुढे तू लिहिलं होतंस: 'सांगणाऱ्याने नंतर नाकारले. खरे असावे.' बैलापुढे तेच. विहिरीपुढे तेच. मला एक्केचाळीस उघडायचं नव्हतं. उघडलं. तिथेही त्याच शाईत, त्याच अक्षरात, न रागावता लिहिलेलं होतं: 'सांगणाऱ्याने दोनदा नाकारले. खरे असावे.'

एस.टी. आली आणि गेली. मी तिथेच बसून होतो.

म्हणजे सरांसमोर तू कबुली दिली नव्हतीस. मी टाकलेलं तू उचलून आपलं म्हटलंस. गावाने तुला जे करायला लावलं, तेच माझ्यासाठीही केलंस. मला नको होतं ते घेतलंस. तुझं स्वतःचं एकही स्वप्न वहीत नाही, हे मी त्या दिवशी पाहिलं. तू कुणाला सांगायचास? मी तुझ्या शेजारी तीन वर्षं बसलो, आणि तुला कधी विचारलं नाही, की दिन्या, तुला काय दिसतं. मला चटणी देणारा माणूस, आणि मी तुझा तपास केला, विचारपूस कधी केली नाही.

काल सरांकडे गेलो. तू गेल्याचं सांगितलं तसा त्यांनी समोरचा कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "गेलेल्या मुलाबद्दल आता कशाला? विषय मिटवून टाकू. मी कुठे काही लिहिणार नाही." म्हणजे तू फसवणूक केलीस, पण आम्ही मोठ्या मनाने गप्प बसू. दिनकर, तुझं नाव असं दयेने झाकलेलं मला नको होतं. मी वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि भागाआजीने सांगितलेलं सगळं सांगितलं. सर हुशार आहेत, पटकन समजले. पण तेही माझ्यासारखेच. विचारलं, "याला पुरावा काय? लोक तर आपलं म्हणणारच नाहीत."

"एक जण म्हणेल," मी म्हणालो. "एक्केचाळीस नंबर माझा आहे. मी तुमच्यासमोर खोटं बोललो."

सरांनी चष्मा काढला. माझ्याकडे त्यांनी जसं बघितलं, तसं आता ते कायमचं बघतील, आणि ते बरोबरच आहे. मग पेन पुढे केलं. मी तुझ्या अक्षराखाली सही केली. त्यांनी विचारलं, "बाकीच्या एकदोघांना तरी विचारून बघायचं का?" मी म्हणालो, "नको सर. एकदा सांगितल्यावर विचारायचं नसतं." निबंध पुण्याला जाणार आहे. तुझ्या नावाने. पहिलं पान मी लिहितोय, तू जे लिहिलं नाहीस ते. आणि तरीही सांगतो, सदुसष्ट नंबरची ती शेळी, जी हजेरीला उभी राहून मुकादमाला स्वतःचं नाव सांगते, ती तू बनवलेली आहेस. माझा अजून संशय आहे.

पुढच्या आठवड्यात भंडारदऱ्याला जातोय. वही घेऊन. धरणाखाली जिथे पाणी वाहत असेल तिथे बसून एकेक वाचणार. जातं, बैल, विहीर, पायताण घातलेला साप, सगळे. माझा यावर विश्वास आहे का, असं तू विचारशील. नाही. पण तू कबूल केलं होतंस.

ब्याण्णव वाचणार आहे. एक्केचाळीस वाचणार नाही. ते मी आपलं म्हटलंय, सही केलीय, आणि भागाआजी म्हणते तसं ते आता माघारी येईल. येऊ दे. मी आता रोज वाट बघत निजणार. निदान नाक्यापर्यंत तरी तू मागे बसलेला असशील, पाठीवर तुझा हात असेल. आणि बाबा बांबू खाली करून विचारतील, मागे काय आहे, तेव्हा या खेपेला मी सांगेन.